बंदुकीची चाळिशी

जॉन फोर्डचा 'स्टेजकोच' हा चित्रपट १९३९ सालचा. त्यात जॉन वेन पहिल्यांदा पडद्यावर येतो तो क्षण सिनेमावेड्यांना पाठ असतो. उजाड माळावर एक तरणाबांड गडी उभा आहे, एका हातात खोगीर, दुसऱ्या हातात विंचेस्टर रायफल. ती रायफल तो एका हाताने गर्रकन फिरवतो, मोठ्या कडीची लिव्हर उघडून मिटते आणि कॅमेरा झपाट्याने त्याच्या चेहऱ्याकडे धावतो. धावताधावता क्षणभर चित्र धूसर होतं. फोकस सांभाळणाऱ्याचा हात किंचित मागे पडला, आणि तरीही तो तुकडा चित्रपटात तसाच राहिला.

त्या दृश्यातली रायफल सगळ्यांच्या लक्षात राहते. तिच्या नळीवर बसवलेल्या दोन लहानशा लोखंडी तुकड्यांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. एक मागे, खाच असलेला. दुसरा पुढे, नळीच्या टोकाशी, मण्यासारखा. मागच्याला बॅकसाइट आणि पुढच्याला फोरसाइट म्हणतात हे एनसीसीत पॉइंट टू-टू हाताळलेल्यांना ठाऊक असेल. पुढच्या साइटला आपल्याकडे जुना शब्द आहे 'माशी'. नळीच्या टोकावर येऊन बसलेली माशी! हे प्रकरण या दोन तुकड्यांचं आहे. कॅमेऱ्याची त्या दृश्यात जी पंचाईत झाली, तीच पंचाईत नेम धरणाऱ्या प्रत्येक डोळ्याची होते, आणि लिव्हर-ॲक्शन रायफलीच्या साइटचा दीडशे वर्षांचा इतिहास हा त्या पंचाइतीवर शोधलेल्या उपायांचा इतिहास आहे.

ही रायफल कशासाठी होती?

साइट निवडण्याआधी बंदुकीचा स्वभाव कळायला हवा. लिव्हर-ॲक्शन रायफलीत चापाभोवतीची कडी खाली ओढून पुन्हा वर मिटली की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, नवं काडतूस नळीत जातं आणि घोडा चढतो. हात फारसा न हलवता पुढची गोळी तयार. बेंजामिन टायलर हेन्रीची रायफल १८६० ची. तिच्यातून विंचेस्टरच्या १८६६ आणि १८७३ च्या रायफली आल्या. पुढे युटामधल्या ऑग्डेन गावच्या जॉन मोझेस ब्राउनिंगने विंचेस्टरसाठी १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ ही मॉडेलं रचली. यातलं १८९४ चं मॉडेल सत्तर लाखांहून अधिक तयार झालं. अमेरिकेत 'हरणाची रायफल' म्हटलं की आजही अनेकांच्या डोळ्यांसमोर तीच येते. तिच्या बरोबरीने मार्लिनच्या रायफली चालत आल्या; १९४८ पासूनची '३३६' ही त्यांतली सर्वांत परिचित.

या बहुतेक रायफलींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी, भरलेली असतात. मागच्या काडतुसाच्या गोळीचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकतं, आणि बुडाच्या मधोमध असते ठिणगीची टोपी. गोळी टोकदार असेल तर धक्क्याने तीच टोपी फोडू शकते. म्हणून या रायफलींसाठी गोळ्या चपट्या नाकाच्या केल्या गेल्या. चपटं नाक हवा कापत नाही, हवेला ढकलतं. गोळीचा वेग लवकर मरतो आणि ती लवकर खाली येते. सर्वांत लोकप्रिय .३०-३० काडतुसाचा उपयोगी टप्पा साधारण दीडशे-दोनशे मीटरांत संपतो तो यामुळे. मऊ प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्या येऊन हे बंधन थोडं सैल झालं, पण ते अगदी अलीकडे, एकविसाव्या शतकात.

१८७७ साली प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्की सैनिकांनी हा हिशेब रणांगणावर मांडून दाखवला. चाल करून येणाऱ्या रशियनांवर लांबून त्यांनी पीबॉडी-मार्टिनी या एकबारी रायफलींनी मारा केला. शत्रू जवळ आल्यावर त्या बाजूला ठेवून विंचेस्टर उचलल्या आणि गोळ्यांचा पाऊस पाडला. लांबचं काम एकीचं, जवळचं दुसरीचं. असं असूनही त्या काळच्या कित्येक लिव्हर-ॲक्शन कार्बाइनींवर, म्हणजे आखूड नळीच्या रायफलींवर, शिडीसारखी उभी राहणारी साइट असे आणि तिच्यावर शेकडो यार्डांचे आकडे कोरलेले असत. त्या आकड्यांवर विसंबून नेम धरणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

तेव्हा पहिला निकष हा: ही झाडीतली, खांद्याला लावताच उडवायची, हातात धरून किंवा खोगिराच्या म्यानातून न्यायची रायफल आहे. जी साइट तिची चपळाई काढून घेते, ती कितीही अचूक असली तरी तिच्यावर उपरी ठरते.

तीन अंतरं आणि एक डोळा

कारखान्यातून येणाऱ्या जुन्या रायफलीवर मागे बहुधा 'बकहॉर्न' किंवा 'सेमी-बकहॉर्न' साइट असे. मध्ये बारीक खाच आणि दोन्ही बाजूंना हरणाच्या शिंगांसारखे वर वळलेले कान, म्हणून हे नाव. खाचेत पुढचा मणी बसवायचा आणि मण्यावर लक्ष्य. साइटखाली पायऱ्या कापलेली एक पट्टी असते. ती पुढे-मागे सरकवली की साइट पायरीपायरीने वर-खाली होते. रचना साधी, मजबूत, स्वस्त. चिखलात पडली तरी पुसून घ्यावी आणि चालू लागावं.

हिच्यात दोन दोष आहेत. पहिला असा की मोठ्या शिंगांमागे लक्ष्याचा अर्धा भाग झाकला जातो. दुसरा दोष डोळ्याचा आहे, आणि तो समजायला बंदूक लागत नाही. खिडकीशी उभे राहा. एका हातात सुई डोळ्यांपासून वीतभर लांब धरा, दुसऱ्या हातात पेन हात ताणून धरा आणि दोन्हींच्या रेषेत समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी आणा. आता सुईचं नाक, पेनचं टोक आणि टाकीची कड एकाच वेळी स्वच्छ दिसतात का बघा. दिसणार नाहीत. डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर जुळतं.

वीस इंची नळीच्या कार्बाइनवर हे आकडे साधारण असे पडतात: मागची साइट डोळ्यापासून ४० सेंटीमीटर, माशी ८० सेंटीमीटर, आणि लक्ष्य शंभर मीटर. विशीतला डोळा या तिन्हींमध्ये इतक्या झपाट्याने ये-जा करतो की तिन्ही एकदम दिसतात असा भास होतो. चाळिशीनंतर भिंग ताठर होत जातं. आधी मागची खाच धूसर होते, मग माशीही. मराठीत 'चाळिशी' हे वयाचंही नाव आहे आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्याचंही. एका शब्दात सगळं दुखणं आलं. वाचायचा चष्मा लावून नेम धरायला जावं तर खाच स्वच्छ दिसते आणि हरीण झाडात विरघळतं. चष्मा काढावा तर हरीण दिसतं, पण बंदूक कुठे रोखली आहे ते कळत नाही. 'स्टेजकोच'चा कॅमेरा क्षणभर अडला होता. हा डोळा कायमचा अडतो.

अशा वेळी अनेकजण रायफलीला दोष देतात. पूर्वी कशी मारायची, आता नळी झिजली असेल, काडतुसं हलकी येतात, वगैरे. रायफल जिथल्या तिथेच असते.

भोकातून बघण्याचं शास्त्र

पुठ्ठ्याच्या तुकड्याला टाचणीने भोक पाडा. चष्मा काढून, एरवी वाचता येत नाही अशा बारीक अक्षराकडे त्या भोकातून बघा. अक्षर अंधूक प्रकाशात का होईना, पण रेखीव दिसेल. बारीक छिद्र किरणांचा पसारा कमी करतं आणि जवळची-लांबची वस्तू एकाच वेळी बऱ्यापैकी स्वच्छ होते. छायाचित्रकार लेन्सचं तोंड बारीक करून हेच साधतात. नेमाच्या साइटमध्ये हे छिद्र आलं की ती 'पीप साइट'.

तिचा दुसरा गुण याहून मोलाचा आहे. गोल छिद्रातून बघताना डोळा आपोआप त्याच्या मध्याकडे जातो, कारण तिथेच सर्वांत जास्त उजेड असतो. खाचेसारखं ते जुळवावं लागत नाही. छिद्राची कड धूसर दिसते, आणि ती तशीच दिसू द्यायची. तिच्याकडे बघायचंच नाही. डोळ्याला तीनऐवजी दोनच गोष्टी सांभाळायच्या उरतात: माशी आणि लक्ष्य. नवशिक्यांची चूक इथेच होते. ते छिद्राकडे टक लावून मध्य शोधत बसतात आणि तेवढ्यात सावज निघून जातं.

कनेटिकटमधल्या मिडलफिल्डच्या विल्यम लायमनने १८७९ मध्ये अशा साइटचं पेटंट घेतलं. छिद्राच्या साइट त्याच्या आधीही होत्या, पण त्या निवांत निशाणेबाजीच्या मैदानासाठी होत्या: भोक बारीक, तबकडी रुंद, शिकारीच्या घाईत निरुपयोगी. लायमनने कडी पातळ आणि भोक मोठं केलं, आणि बारीक भोकाची चकती हवी तेव्हाच मध्ये येईल अशी सोय ठेवली. या लायमनने आधी एक गमतीची वस्तू काढली होती. वल्हवताना माणूस पाठमोरा बसतो आणि होडी कुठे जाते ते त्याला दिसत नाही. त्याने पुढे तोंड करून वल्हवता येईल अशी वल्ह्यांची जोडणी केली. माणसाला जायचं आहे ती दिशा दिसली पाहिजे, हा ध्यास त्याला आधीपासूनच होता म्हणायचा.

लायमनची साइट बसे चापामागे, जिथे दस्त्याचा चिंचोळा गळा सुरू होतो त्या धातूच्या पट्टीवर. या पट्टीला टँग म्हणतात, म्हणून ही 'टँग साइट'. पुढे मिशिगनमधल्या ग्लॅडस्टनच्या वेब्स्टर मार्बलने टँग साइटच्या बुडाशी स्प्रिंग घातली. धक्का लागला तर साइट वाकायची आणि पुन्हा उभी राहायची. टँग साइट डोळ्याला सर्वांत जवळ, त्यामुळे बघायला सर्वांत सोपी. पण अडचणीही जवळच्याच. लिव्हर उघडताना नळीचं मागचं तोंड मिटवणारा बोल्ट मागे येतो, त्याला वाट मिळते का ते बघावं लागतं. गळ्यावरून अंगठा टाकायची सवय असेल तर अंगठा साइटवर आपटतो. आणि .४५-७० सारख्या दांडग्या काडतुसाची रायफल मागे ढकलते तेव्हा भुवईशी लोखंड असणं बरं नव्हे.

म्हणून विसाव्या शतकात जास्त रुजली ती 'रिसीव्हर साइट'. रिसीव्हर म्हणजे रायफलीची मधली पेटी. तिच्या डाव्या अंगाला दोन स्क्रूंनी बसणारी ही साइट लायमन, रेडफिल्ड, विल्यम्स अशा नावांनी प्रसिद्ध झाली. छिद्र डोळ्यापासून वीस सेंटीमीटरांवर. धक्क्याची भीती नाही, अंगठा मोकळा. संध्याकाळच्या मंद उजेडात आतली चकती काढून टाकली की उरते ती पातळ, मोठी कडी. बघताना ती जवळजवळ नाहीशी होते, म्हणून हिला 'घोस्ट रिंग' म्हणतात. झाडीतल्या चाळीस-पन्नास मीटरांच्या कामाला हीच सर्वांत उपयोगी. बारीक चकती निशाणेबाजीच्या फलकासाठी जपून ठेवावी.

हे तत्त्व जुन्या रायफलींपुरतंच राहिलं असं समजू नये. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. त्या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. मागे छिद्र आणि पुढे आणखी एक कडी, एवढ्यावर ते पदक आलं. लायमनने शिकाऱ्यांसाठी भोक मोठं केलं, ऑलिंपिकवाल्यांनी ते बारीक ठेवलं. शास्त्र एकच.

मणी केवढा, कसला

पीप साइट घेणारे मागच्या तुकड्यावर पैसे खर्चतात आणि माशी जुनीच ठेवतात. पण डोळा जिच्यावर स्थिर करायचा ती माशी असते.

मण्याचा आकार ही साध्या गुणाकाराची गोष्ट आहे. बाजारात दोन मापं नेहमीची: एक इंचाचा सोळावा भाग, म्हणजे १.६ मिलिमीटर, दुसरं सुमारे २.४ मिलिमीटर. माशी डोळ्यापासून ८० सेंटीमीटरवर धरली, तर १.६ मिलिमीटरचा मणी शंभर मीटरवर २० सेंटीमीटर जागा झाकतो, आणि २.४ चा झाकतो ३० सेंटीमीटर. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण २० ते २५ सेंटीमीटरचा. म्हणजे जाडा मणी शंभर मीटरवर तो सगळाच गिळून टाकतो. पण तोच जाडा मणी तीस मीटरवर, पहाटेच्या अंधुकात, चटकन सापडतो. रान दाट असेल तर जाडा, माळ मोकळा असेल तर बारीक. दोन्ही एकात मिळत नाहीत.

मण्याचा रंगही ठरवावा लागतो. हस्तिदंती पांढरा मणी गर्द हिरव्यावर उठून दिसतो आणि बर्फात हरवतो. पितळी किंवा सोनेरी मणी बहुतेक ठिकाणी चालतो. पण गोल, चकचकीत मणी एक खोडी करतो. ऊन डावीकडून आलं की त्याची डावी बाजू चमकते, आणि डोळा त्या चमकीलाच मण्याचा मध्य समजतो. नेमबाज चमक लक्ष्यावर आणतो तेव्हा खरा मध्य उजवीकडे सरकलेला असतो, आणि गोळी उजवीकडे जाते. उजेडापासून लांब. सकाळी डावीकडे आणि संध्याकाळी उजवीकडे मारणाऱ्या 'चेटकी' रायफलींच्या गोष्टींमागे बहुधा हाच मणी असतो. उपाय सोपा आहे: मण्याचं डोळ्याकडचं तोंड सपाट हवं. काही माश्यांचा चेहरा वर आकाशाकडे किंचित कलता कापलेला असतो. तो वरचा उजेड पकडतो आणि बाजूच्या उन्हाला फारशी दाद देत नाही.

दुर्बिणीचा मोह

चाळिशीवरचा आणखी एक उपाय म्हणजे दुर्बीण, अर्थात स्कोप. तिच्यात सगळं एकाच प्रतलात दिसतं. डोळ्याचा प्रश्न मिटतो. बंदुकीचा सुरू होतो.

जुनी विंचेस्टर १८९४ रिकामी पुंगळी सरळ वर फेकते. वर स्कोप बसवला तर पुंगळी त्याच्या पोटावर आपटून परत आत पडेल. म्हणून या रायफलींवर स्कोप एक तर डावीकडे सरकवून बसवत, किंवा पुढे नळीवर. बाजूला सरकवलेल्या स्कोपने नेम धरताना मान वाकडी होते. पुढे बसवलेला, डोळ्यापासून हातभर लांबून बघायचा स्कोप अमेरिकन बंदूक-लेखक जेफ कूपर यांच्या 'स्काउट रायफल' कल्पनेनंतर लोकप्रिय झाला. त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं आणि पुंगळीची वाट मोकळी राहते. मार्लिनने १८८९ पासूनच पेटीचा माथा बंद ठेवून पुंगळी उजवीकडे काढली होती. दुर्बिणींचा जमाना आल्यावर त्या निर्णयाचं सोनं झालं. विंचेस्टरने १९८० च्या दशकात पुंगळी तिरकी फेकणारी रचना आणली, पण तोवर बरीच गिऱ्हाइकं मार्लिनकडे गेली होती. १८९९ ची सॅव्हेज तर याहून वेगळी. तिला बाहेर घोडाच नाही, आणि गोल फिरणाऱ्या मॅगझिनमुळे टोकदार गोळीही चालते. स्कोपसाठी ती जणू आधीपासून तयार होती.

मार्लिनवर स्कोप सरळ बसतो, पण आणखी दोन गोष्टी उरतात. घोड्याचं शेपूट स्कोपखाली दडतं आणि थंडीत, हातमोज्यात, अंगठा तिथे पोहोचत नाही. त्यासाठी घोड्याला बाजूने एक छोटा खुंट स्क्रूने जोडतात. तो न जोडता स्कोप लावणं धोक्याचं. शिवाय या रायफलींचा दस्ता उघड्या साइटसाठी खाली झुकवलेला असतो. स्कोपपर्यंत डोळा नेला की गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि हनुवटी टेकते. बघायला दिसतं छान, पण प्रत्येक वेळी डोकं वेगळ्या जागी. आणि जी रायफल पेटीच्या खाली हात घालून नेमक्या तोलावर उचलली जायची, तिच्या माथ्यावर आता बिऱ्हाड बसलेलं असतं. स्कोप लावायचाच तर बुटका, कमी शक्तीचा, अडीच-तीन पटींच्या आसपासचा. दोनशे मीटरांपलीकडे फारशा कामाला न येणाऱ्या गोळीला बारा पटींची दुर्बीण लावण्यात हशील नाही.

ठोकाठोकीचा अध्याय

आता बसवणं. पहिली पायरी स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीची: रायफल रिकामी आहे ना? या रायफलींत हे दोनदा तपासावं लागतं, कारण मॅगझिनच्या नळीत एखादं काडतूस अडकून राहू शकतं. लिव्हर अनेकदा फिरवायची, मग नळीचं मागचं तोंड डोळ्यांनी बघायचं आणि बोटानेही चाचपायचं. काडतुसं त्या खोलीत ठेवायचीच नाहीत.

साइट नळीवर 'डव्हटेल' खाचेत बसते. ही आडवी खाच तळाशी रुंद आणि वर अरुंद असते, त्यामुळे तुकडा वर उपटला जात नाही, फक्त बाजूने सरकतो. सुतार पेटीचे कोपरे याच आकाराने जोडतो. खाचेची रुंदी नेहमीच्या मापात सुमारे ९.५ मिलिमीटर. नळीचं तोंड पलीकडे आणि दस्ता आपल्याकडे अशी रायफल धरली तर साइट डावीकडून उजवीकडे ठोकून काढायची आणि उजवीकडून डावीकडे ठोकून बसवायची अशी रीत आहे. रायफल व्हाइसमध्ये लाकूड-चामड्याच्या पट्ट्यांत धरायची आणि साइटच्या बुडाशी पितळेचा पंच लावून लहान, खणखणीत ठोके द्यायचे. पोलादी पंच पोलादाला वण पाडतो. शंभर वर्षं जागेवरून न हललेल्या साइटला आदल्या रात्री दोन थेंब तेल द्यावं. नवी साइट घट्ट जात असेल तर कानस साइटच्या तळाला मारायची, नळीच्या खाचेला कधीच नाही. साइट बाजारात मिळते, नळी मिळत नाही.

रिसीव्हर साइटला स्क्रू लागतात आणि इथे आपल्याकडच्या फिटरची फसगत होईल. या स्क्रूंना इंचाला ४८ आटे असतात आणि व्यास सुमारे साडेतीन मिलिमीटर. आपल्या बाजारातला साडेतीन मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू व्यासाला जवळजवळ तोच. पण त्याचे आटे ०.६ मिलिमीटर अंतरावर आणि याचे ०.५३ वर. तो दोन फेरे गोडीगुलाबीने जातो, तिसऱ्याला जड होतो आणि चौथ्याला जोर लावला की आटे खाऊन टाकतो. स्क्रूची लांबीही बघायची. तो आत डोकावला तर बोल्टला घासतो.

नळीवरची जुनी मागची साइट आता काढून टाकायची. पीपमधून बघताना तिची शिंगं मध्ये येतात. रिकाम्या खाचेत सपाट पट्टी ठोकली की काम स्वच्छ दिसतं. अडचण पुढच्या साइटची. रिसीव्हर साइट नळीपासून अधिक उंच बसते, त्यामुळे जुनी माशी बुटकी पडते आणि गोळ्या वर जातात. किती वर, आणि माशी किती उंच हवी, हे शाळेतल्या समरूप त्रिकोणांनी निघतं. दोन साइटमधलं अंतर गुणिले गोळीची चूक, भागिले लक्ष्याचं अंतर.

एक उदाहरण घेऊ. साइटमधलं अंतर ४०० मिलिमीटर, लक्ष्य ५० मीटर, गोळी ८० मिलिमीटर खाली लागते. ४०० गुणिले ८० भागिले ५०,००० म्हणजे ०.६४ मिलिमीटर. मागची साइट तेवढी उचलायची, नाहीतर माशी तेवढी घासायची. हीच चूक ६०० मिलिमीटरांच्या पीप साइटवर दुरुस्त करायला ०.९६ मिलिमीटर हलावं लागतं. उलटा अर्थ असा की डोळ्याने केलेली दशांश मिलिमीटरची चूक शंभर मीटरवर आधी २५ मिलिमीटर व्हायची, ती आता सतरावर येते. भोकाची जादू वेगळी, ही निव्वळ अंतराची कमाई. पायऱ्यांच्या पट्टीची मर्यादाही यातूनच कळते. एक पायरी अर्ध्या मिलिमीटरची असेल तर शंभर मीटरवर गोळी साडेबारा सेंटीमीटरांची उडी घेते. मधलं काही मिळत नाही.

दिशेचा नियम लक्षात ठेवायला सोपा: मागची साइट आज्ञाधारक, पुढची उफराटी. गोळी उजवीकडे न्यायची तर मागची उजवीकडे सरकवा किंवा पुढची डावीकडे. गोळी वर न्यायची तर मागची वर किंवा पुढची खाली. माशी घासताना घाई करू नये. गरजेपेक्षा उंच माशी लावून, मागची साइट मधल्या उंचीवर ठेवून, कानशीचे दोन-चार हात आणि मग पुन्हा तीन गोळ्या. घासलेलं लोखंड परत येत नाही.

पहिल्या गोळ्या पंचवीस मीटरवर, कागद सापडावा म्हणून. मग पन्नास, मग शंभर. रायफल टेकवायची ती पुढच्या लाकडाखाली, नळीखाली नाही. या रायफलींची नळी, मॅगझिन आणि लाकूड कड्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. नळी तापली की सगळा संसार हलतो आणि गोळ्या भटकू लागतात. तीन गोळ्या, मग नळी गार होईपर्यंत थांबायचं. तापलेल्या नळीवर साइट जुळवली तर ती जुळते त्या तापाशी. शिकारीतली पहिली गोळी गार नळीतून जाते.

भोक पाडण्याआधी

जुन्या रायफलीच्या पेटीत साइटसाठी नवं छिद्र पाडून आटे घालणं हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे, आणि त्या अर्ध्या तासात तिची संग्राहकाच्या लेखी असलेली किंमत धाडकन खाली येते. जुन्या विंचेस्टरवर गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार कारखान्यातूनच लायमनच्या साइट लागून येत. अशा रायफली आज मोलाच्या आहेत. घरच्या ड्रिलने पाडलेलं भोक मात्र भोकच राहतं. म्हणून आधी बघावं, टँगवर किंवा पेटीच्या अंगावर कारखान्याने भोक ठेवून त्यात झाकणस्क्रू बसवला आहे का. नसेल, तर मागच्या साइटच्या डव्हटेल खाचेत बसणारी छोटी पीप साइटही मिळते. ती डोळ्यापासून लांब पडते म्हणून तिचा गुण निम्मा, पण जुनं काही बिघडत नाही.

आपल्याकडे हा विषय बहुतेकांसाठी वाचनापुरताच आहे. शस्त्र बाळगायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली. पण टाचणीच्या भोकाला परवाना लागत नाही. ते करून बघणाऱ्याला एवढं कळेल की साइट रायफलीवर बसते, पण मापाला घ्यावी लागते डोळ्याच्या. १८९४ ची रायफल आजोबांनी वापरली, बापाने वापरली आणि आज नातवाच्या हातात आहे. तिघांच्या हाती तीच नळी, तोच घोडा, तेच अक्रोडाचं लाकूड. विशीतल्या नातवाला बकहॉर्नची खाच लख्ख दिसते आणि आजोबांनी पेटीच्या अंगावर ही कडी कशाला चिकटवली हे त्याला कळत नाही. त्याने ती काढून जुनी साइट पुन्हा ठोकून बसवायला हरकत नाही. काढलेल्या कडीचे दोन्ही स्क्रू मात्र डबीत घालून ठेवावेत. आणखी वीस वर्षांनी ते शोधावे लागतील, आणि बाजारात तसे स्क्रू मिळत नाहीत.